हूव्हरव्हिल: अमेरिकेतील महामंदीच्या काळातील झोपडवस्त्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हूव्हरव्हिल म्हणजे नेमके काय?

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेतील कारखाने, बँका आणि शेती एकामागून एक खचत गेली. आधी नोकरी गेली, मग शिल्लक संपली, मग भाडे थकले आणि शेवटी घर सुटले, अशा क्रमाने लाखो माणसे उघड्यावर आली. त्यांनी शहरांच्या कडेला, नदीकाठच्या ओसाड पट्ट्यांत, रेल्वेच्या रुळांलगत आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात मिळेल त्या सामानातून खोपटी उभारली. या खोपट्यांच्या वस्त्यांना हूव्हरव्हिल, म्हणजे ‘हूव्हरचे गाव’, म्हणत. काही वस्त्या दहा-पंधरा झोपड्यांच्या होत्या आणि काही आठवड्यांत नाहीशा झाल्या. सिॲटलसारख्या ठिकाणी मात्र अशी वस्ती दहा वर्षे टिकली, आणि सेंट लुई शहरात मिसिसिपी नदीच्या काठी तर हजारो लोकांची मोठी वस्ती पसरली होती.

या वस्त्यांना राष्ट्राध्यक्षांचे नाव का पडले?

हर्बर्ट हूव्हर हे मार्च १९२९ ते मार्च १९३३ या काळात राष्ट्राध्यक्ष होते, आणि मंदीचा सर्वांत भीषण काळ त्यांच्याच कारकिर्दीत आला. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रसिद्धिप्रमुख चार्ल्स मायकेलसन यांना या नावाचे श्रेय दिले जाते. म्हणजे नाव राजकीय हेतूने दिले गेले होते, परंतु ते रुजले ते लोकांच्या संतापामुळे. अंगावर पांघरलेल्या वर्तमानपत्राला लोक ‘हूव्हरचे पांघरूण’ म्हणू लागले, रिकामा खिसा उलटा करून दाखवला की तो ‘हूव्हरचा झेंडा’ ठरला, आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून घोडे किंवा खेचरे जुंपलेल्या मोटारीला ‘हूव्हरची गाडी’ हे नाव मिळाले.

हूव्हर यांच्याविषयी एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेपर्यंत धान्य पोहोचवण्याचे प्रचंड काम त्यांनी केले होते, आणि १९२७ च्या मिसिसिपी महापुरातही मदतकार्याची धुरा त्यांच्याकडेच होती. असा माणूस स्वतःच्या देशातील भुकेपुढे इतका तोकडा का पडला, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे. केंद्र सरकारने व्यक्तीला थेट मदत दिली तर माणसाची स्वावलंबी वृत्ती आणि स्थानिक समाजाची जबाबदारी दोन्ही लयाला जातील, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. बँका, रेल्वे कंपन्या आणि विमा कंपन्यांना कर्ज देण्यासाठी त्यांच्या सरकारने जानेवारी १९३२ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापले. बेकारांच्या मदतीसाठी राज्यांना केंद्राकडून कर्ज देण्याची तरतूद त्या वर्षीच्या जुलैपर्यंत झाली नव्हती. पैशाचा ओघ आधी कोणाकडे गेला, हे लोकांनी पाहिले आणि लक्षात ठेवले.

अमेरिकेसारख्या संपन्न देशात इतकी माणसे बेघर झालीच कशी?

१९३३ साली सुमारे १ कोटी ३० लाख लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा, बेकार होता. ज्यांची नोकरी टिकली त्यांतील अनेकांचे तास आणि पगार कापले गेले होते. मात्र बेकारी आणि बेघरपण यांच्यामध्ये सहसा काही अडसर असतात, आणि ते अडसर त्या काळच्या अमेरिकेत फार कच्चे होते, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

पहिला अडसर बचतीचा. १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण नव्हते, ते १९३३ च्या कायद्याने आले. त्यामुळे आयुष्यभर काटकसर करणाऱ्या माणसाचीही पुंजी बँकेच्या दारावर कुलूप पडताच अडकली किंवा बुडाली. दुसरा अडसर स्वतःच्या घराचा. त्या काळची घरकर्जे बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीची असत. मधल्या काळात मुख्यतः व्याज भरायचे आणि मुदत संपली की मुद्दल एकदम फेडायचे किंवा कर्जाचे नूतनीकरण करून घ्यायचे, अशी रीत होती. बँकाच अडचणीत आल्यावर नूतनीकरण थांबले, आणि १९३३ मध्ये दिवसाला सुमारे १,००० घरांवर जप्ती येऊ लागली. तिसरा अडसर सरकारी मदतीचा, आणि तो तर जवळजवळ नव्हताच. देशव्यापी बेकारी विमा आणि वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन यांची पायाभरणी १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने झाली. त्यापूर्वी गरिबांचा भार चर्च, धर्मादाय संस्था आणि नगरपालिका यांच्यावर होता, आणि करवसुली आटल्यामुळे नगरपालिकांची तिजोरी ऐन गरजेच्या वेळी रिकामी झाली होती.

चौथा अडसर खेड्याच्या आधाराचा. मंदीच्या पहिल्या वर्षांत शहरातून शेतीकडे परतणाऱ्यांची संख्या खरोखर वाढली होती. परंतु शेतमालाचे भाव इतके कोसळले होते की शेतकऱ्याच्याच जमिनीचा लिलाव होत होता. ज्याच्या मागे परत जाण्याजोगे गावच उरले नव्हते, तो माणूस नदीकाठच्या खोपट्यात आला.

तेथे राहणारे लोक मुळात भटके किंवा व्यसनी होते का?

हा समज त्या काळातही होता आणि वस्त्या पाडण्याचे समर्थन करण्यासाठी तो सोयीचा होता. वस्त्यांमध्ये दारू होती, भांडणे होती, आणि मंदीपूर्वीपासून हंगामी कामांमागे देशभर हिंडणारे मजूरही होते. परंतु रहिवाशांमध्ये मोठा भरणा लाकूडतोडे, खाणकामगार, खलाशी, गवंडी, सुतार, मच्छीमार आणि कारखान्यातील मजूर अशा कष्टकऱ्यांचा होता. पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगमेहनतीवर जगलेल्या माणसाची अवस्था सर्वांत बिकट होती, कारण थोडेफार काम निघाले तरी मालक तरुण मजूर निवडत. हे लोक कामाला कंटाळलेले नव्हते. त्यांच्या हातातील कौशल्याला गिऱ्हाईक उरले नव्हते, आणि ते कौशल्य त्यांच्या झोपड्यांच्या बांधणीतही दिसत असे.

झोपड्या कशाच्या बांधलेल्या असत?

मालाची खोकी, पाडलेल्या इमारतींच्या फळ्या, गंजके पत्रे, पुठ्ठे, डांबरी कागद, जुन्या मोटारींचे भाग, ताडपत्री, असे जे फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळे ते सर्व वापरले जाई. ऊब आणि स्वयंपाक यांसाठी तेलाच्या पिंपाला भोक पाडून त्याची शेगडी करत, आणि तीत नदीतून वाहत आलेले लाकूड जाळत. डांबरी कागद आणि कोरड्या फळ्या यांच्या सान्निध्यातील ही शेगडी आगीला आमंत्रणच असे.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे तर लोक सांडपाण्याच्या काँक्रीटच्या नळांत राहत होते. मागणी नसल्यामुळे एका कंपनीच्या आवारात हे प्रचंड नळ पडून होते. १९३२-३३ च्या हिवाळ्यात सुमारे २०० माणसांनी त्यांच्या तोंडांवर गोणपाट आणि पुठ्ठे लावून त्यांत आसरा घेतला आणि आपला महापौरही निवडला. शिकागोमध्ये १९३० सालीच रँडॉल्फ स्ट्रीटच्या टोकाला एक वस्ती उभी राहिली होती आणि रहिवाशांनी तिच्यातील गल्ल्यांना ‘समृद्धी मार्ग’ आणि ‘हलाखीचा रस्ता’ अशी नावे दिली होती.

जेवणाची आणि पैशाची सोय कशी होई?

धर्मादाय अन्नछत्रांत सूप आणि पाव मिळे, परंतु त्यासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे, आणि ओळखीचे कोणी पाहील या भीतीने अनेकांना ते जड जाई. बाजार उठताना टाकून दिलेली भाजी आणि फळे निवडून आणणे, समुद्रात किंवा नदीत मासे धरणे, भंगार आणि जळाऊ लाकूड विकणे, बंदरावर एखाद्या दिवसाची हमाली मिळवणे, अशा तुटपुंज्या मार्गांनी दिवस काढले जात. उन्हाळ्यात अनेक जण फळबागा, मासेमारी आणि जंगलतोड यांच्या हंगामी कामांवर निघून जात आणि थंडी पडू लागली की परतत. त्यामुळे वस्तीची लोकसंख्या हिवाळ्यात फुगे आणि उन्हाळ्यात ओसरे.

सिॲटलच्या हूव्हरव्हिलचा उल्लेख सर्वत्र का येतो?

कारण ती दीर्घकाळ टिकली, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तिची नोंद तेथे राहिलेल्या माणसांनीच करून ठेवली. जेसी जॅक्सन नावाचा बेकार लाकूडतोड्या हा तिच्या संस्थापकांपैकी एक. धर्मादाय निवाऱ्यातील कोंदट हवेत कडक फरशीवर झोपणे त्याला असह्य झाले, म्हणून १९३१ च्या शरदात तो काही सोबत्यांसह बाहेर पडला, आणि त्यांनी बंदरानजीक बंद पडलेल्या एका जहाजबांधणी कारखान्याच्या मोकळ्या जागेत झोपड्या बांधल्या. माणूस निवारागृह सोडून पुठ्ठ्याच्या खोपट्यात का जातो, हे अनेकांना कळत नसे. त्या चार फळ्यांच्या आत कधी उठावे, काय शिजवावे आणि कोणाला आत घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे परत येत होता, आणि सगळे गमावलेल्या माणसाला या अधिकाराचे मोल फार असते.

आरोग्य खात्याने सात दिवसांची नोटीस दिली आणि मुदत संपल्यावर पहाटे पोलिसांनी वस्ती पेटवून दिली. रहिवाशांनी त्याच जागी पुन्हा झोपड्या उभारल्या. सुमारे महिन्याभराने त्या पुन्हा जाळण्यात आल्या. तिसऱ्या खेपेस माणसांनी जुन्या कारखान्यातील यंत्रांसाठी खणलेल्या काँक्रीटच्या खड्ड्यांवर पत्र्याची छपरे टाकली आणि ते जमिनीतच राहू लागले, कारण काँक्रीट जळत नाही.

१९३२ च्या जूनमध्ये शहरात नवे प्रशासन आले आणि त्याने वेगळी वाट धरली. मंदी असेपर्यंत वस्ती राहू द्यायची. परंतु रहिवाशांनी आपली समिती निवडून सुव्यवस्थेची व स्वच्छतेची हमी द्यावी आणि वस्तीत स्त्रिया व मुले राहू नयेत, अशा अटींवर समझोता झाला. निवडलेल्या समितीत गोरे, काळे आणि फिलिपिनो असे तिन्ही गटांचे प्रतिनिधी होते. जॅक्सन तिचा प्रमुख झाला आणि लोक त्याला महापौर म्हणू लागले. त्याच्यापाशी कोणतीही कायदेशीर सत्ता नव्हती. भांडणे मिटवणे, नव्याने आलेल्याला जागा दाखवणे, पोलीस आणि आरोग्य खाते यांच्याशी बोलणे ही त्याची कामे होती. हा समझोता त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे टिकला. जी वस्ती दोनदा जाळूनही हटली नव्हती, ती चर्चेच्या एका फेरीनंतर शहराशी सहकार्य करू लागली, ही घटना नगरप्रशासनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने नजरेखालून घालावी असे मला मनापासून वाटते.

१९३४ मध्ये सिॲटलमधीलच वॉशिंग्टन विद्यापीठाचा डोनाल्ड रॉय हा समाजशास्त्राचा विद्यार्थी वस्तीतच एक झोपडी घेऊन राहिला आणि त्याने घरोघर मोजणी केली. त्याच्या नोंदीनुसार ४७९ झोपड्यांमध्ये ६३९ माणसे राहत होती. त्यांपैकी ६३२ पुरुष आणि, मनाई असतानाही, ७ स्त्रिया होत्या. मोजणीसाठी झोपड्यांवर क्रमांक रंगवण्यात आले आणि पुढे तेच क्रमांक पत्ता म्हणून उपयोगी पडले. दूरच्या नातेवाइकांचे पत्र नेमक्या दारापर्यंत पोहोचू शकणे ही त्या माणसांसाठी लहान गोष्ट नव्हती. नोकरीसाठी अर्ज करतानाही आधी पत्ताच विचारला जातो.

वस्त्यांमध्ये वर्णभेद पाळला जाई का?

याचे एकच उत्तर देता येत नाही. सिॲटलमधील मोजणीत साडेचारशेच्या आसपास गोरे होते, आणि त्यांतील अनेक जण नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांतून आलेले होते. सुमारे १२० फिलिपिनो होते, आणि उरलेल्यांत मेक्सिकन व आफ्रिकी-अमेरिकी होते. निरनिराळ्या वर्णांचे लोक शेजारी राहत आणि काही जण एकाच झोपडीत संसार करत. सेंट लुईच्या वस्तीतही काळे आणि गोरे एकत्र राहत होते. ज्या देशाच्या दक्षिण भागात शाळा आणि रेल्वेचे डबे कायद्यानेच वेगळे होते, तेथे ही गोष्ट उल्लेखनीय ठरते.

मात्र यावरून दारिद्र्य माणसांना आपोआप समान करते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. आफ्रिकी-अमेरिकी कामगारांना सर्वांत आधी कामावरून काढले जात होते, आणि त्यांच्यातील बेकारी गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. दक्षिणेकडील कॅलिफोर्नियात तर मेक्सिकन वंशाच्या लोकांना, त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्या अनेकांना, मदतीचा भार हलका करण्याच्या नावाखाली मेक्सिकोला धाडण्यात आले. झोपडवस्तीत जागा मिळण्याच्या आधीच देशातून बाहेर घालवली गेलेली ही माणसे हूव्हरव्हिलच्या कोणत्याही मोजणीत येत नाहीत.

स्त्रिया आणि मुले कोठे होती?

शहरी वस्त्यांच्या छायाचित्रांत बहुतेक पुरुषच दिसतात, त्यामुळे बेघरपण हे पुरुषांचेच होते असा ग्रह होतो. सिॲटलमध्ये तर स्त्रियांना आणि मुलांना मनाईच होती. तुटपुंजी मदत आधी कुटुंबांना मिळत असे, म्हणून एकटा पुरुष रांगेत शेवटी राही, हेही एक कारण होते. एकट्या स्त्रिया बहुधा नातेवाइकांकडे, मैत्रिणींच्या खोल्यांत किंवा मोजक्या धर्मादाय वसतिगृहांत दाटीवाटीने राहत. त्यांची हलाखी चार भिंतींआड राहिल्यामुळे ती कमी मोजली गेली. संपूर्ण कुटुंबे उघड्यावर आलेली दिसतात ती प्रामुख्याने राजधानी वॉशिंग्टनमधील माजी सैनिकांच्या तळावर आणि कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांत.

माजी सैनिकांचा तळ काय होता आणि तो का जाळला गेला?

पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना सेवेच्या दिवसांवर आधारित भत्ता देण्याचा कायदा १९२४ मध्ये झाला होता. मायदेशातील सेवेसाठी दिवसाला १ डॉलर आणि परदेशातील सेवेसाठी सव्वा डॉलर असा हिशेब होता. परंतु बहुतेकांच्या हाती रोख रकमेऐवजी १९४५ मध्ये वठणारे प्रमाणपत्र आले. मंदीत उपाशी असलेल्या सैनिकांची मागणी एवढीच होती की जे देणे सरकारने मान्य केले आहे ते आता द्यावे.

१९३२ च्या उन्हाळ्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून, मालगाड्यांवर चढून, सुमारे वीस हजार माजी सैनिक राजधानीत जमले, आणि अनेकांनी बायकामुलांनाही बरोबर आणले. अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठच्या दलदलीच्या मैदानात त्यांनी जो तळ उभारला तो देशातील सर्वांत मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक होता. तेथे आखलेले रस्ते होते, वाचनालय होते, स्वतःचे वृत्तपत्र निघत होते, आणि दारू व शस्त्रे यांना मनाई होती. लष्करात काळ्या आणि गोऱ्या तुकड्या वेगळ्या होत्या. येथे मात्र तेच सैनिक शेजारी राहत आणि एका पंगतीला जेवत होते. राजधानीचे पोलीसप्रमुख पेलहॅम ग्लासफर्ड हे स्वतः युद्धात लढलेले अधिकारी होते. त्यांनी तळासाठी अन्न आणि सामान मिळवून दिले, आणि दोन महिने शांतता राखली गेली यात त्यांचा वाटा मोठा होता.

१५ जून रोजी प्रतिनिधिगृहाने भत्ता तत्काळ देण्याचे विधेयक मंजूर केले आणि १७ जून रोजी सिनेटने ते फेटाळले. हजारो सैनिक तरीही थांबले. २८ जुलै रोजी शहराच्या मध्यभागातील सरकारी इमारती रिकाम्या करताना पोलिसांच्या गोळीबारात विल्यम हुश्का आणि एरिक कार्लसन हे दोन माजी सैनिक मारले गेले, आणि हूव्हर यांनी लष्कर बोलावले. लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांच्या आदेशावरून घोडदळ, पायदळ आणि रणगाडे रस्त्यावर आले. घोडदळात पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले जॉर्ज पॅटन होते आणि मॅकार्थर यांच्यासोबत त्यांचे सहायक म्हणून, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, ड्वाइट आयझेनहॉवर होते. नदी ओलांडू नये असा राष्ट्राध्यक्षांचा निरोप असताना मॅकार्थर यांनी पूल ओलांडला. अश्रुधुराच्या नळकांड्यांसमोर बायकामुले पळाली आणि रात्री संपूर्ण तळ आगीत भस्मसात झाला. देशासाठी लढलेल्या माणसांवर देशाच्याच सैन्याने चाल केल्याची ती दृश्ये वृत्तपत्रांत आणि चित्रपटगृहांतील वृत्तपटांत सर्वांनी पाहिली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून हूव्हर यांचा दारुण पराभव झाला.

पुढची कथाही सुखाची नाही. नव्या सरकारने अनेक माजी सैनिकांना कामाच्या छावण्यांत धाडले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर रस्ता बांधणाऱ्या अशा छावण्यांना सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळाने गाठले आणि त्यांतील अडीचशेच्या आसपास माजी सैनिक मृत्युमुखी पडले; त्यांना हलवण्यासाठी निघालेली आगगाडी वेळेत पोहोचली नाही. भत्ता अखेर १९३६ मध्ये मंजूर झाला, आणि तोही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खरोखर झोपड्या होत्या का?

होत्या. उद्यानातील जुना जलाशय रिकामा करण्यात आला होता आणि त्याच्या कोरड्या तळावर १९३१ नंतर झोपड्यांची एक रांग उभी राहिली. बेकार गवंड्यांनी त्यांतील एक घर चक्क विटांचे बांधले होते. सभोवती श्रीमंतांच्या उंच इमारती असल्यामुळे ही लहानशी वस्ती वृत्तपत्रांच्या डोळ्यांत भरली. १९३३ च्या वसंतापर्यंत भराव टाकण्याचे काम सुरू झाले आणि झोपड्या हटवण्यात आल्या. आज ‘ग्रेट लॉन’ म्हणून ओळखली जाणारी विस्तीर्ण हिरवळ त्याच जागी आहे.

कॅलिफोर्नियातील वस्त्या वेगळ्या होत्या का?

बऱ्याच अंशी. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या राज्यांत मंदीच्या जोडीला दुष्काळ आणि धुळीची वादळे आली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळात भरदुपारी अंधार झाला होता. कुळांची शेते मोडली, काही ठिकाणी ट्रॅक्टरने मजुरांची जागा घेतली, आणि कुटुंबेच्या कुटुंबे जुन्या मोटारींत भांडी-गाद्या लादून पश्चिमेकडे निघाली. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत कापूस, वाटाणा आणि फळे यांची तोडणी काही आठवड्यांची असे. मजुरांची संख्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे मजुरी घसरत गेली. ही कुटुंबे कालव्यांच्या काठी तंबू ठोकत आणि त्याच कालव्याचे पाणी पीत. विषमज्वर आणि अतिसार यांनी लहान मुले दगावत. महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या जीवनाची कल्पना करणे कठीण जाणार नाही.

फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमांवर पाठवले आणि ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांना परत फिरवायला सुरुवात केली. एका शहराच्या पोलिसांनी राज्याची सीमा अडवणे कायद्यात बसत नव्हते आणि काही आठवड्यांत तो प्रकार थांबला. निर्धन माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये रद्द केला. गरीब असणे हे कोणाची वाट अडवण्याचे कारण होऊ शकत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

याच काळात केंद्र सरकारने शेतमजुरांसाठी आर्विनसारख्या ठिकाणी छावण्या बांधल्या. तेथे स्वच्छ पाणी, न्हाणीघरे, संडास आणि धुलाईची सोय होती, कारभार रहिवाशांनी निवडलेल्या समित्या पाहत, आणि भाडे नाममात्र असून ते श्रमाने फेडता येई. गरजेच्या मानाने या छावण्या फारच थोड्या होत्या, परंतु नळ आणि संडास मिळाले की तीच माणसे कशी राहतात, हे त्यांनी निर्विवाद दाखवून दिले.

या वस्त्या शेवटी संपल्या कशा?

१९३३ नंतरच्या सरकारने थेट मदत आणि सार्वजनिक कामे सुरू केली. १९३३-३४ च्या हिवाळ्यात तातडीच्या योजनेखाली सुमारे ४० लाख लोकांना काम दिले गेले, आणि १९३५ पासून रस्ते, शाळा, पूल आणि उद्याने बांधणारी मोठी रोजगार योजना उभी राहिली. याच योजनेच्या मजुरांनी १९३६ मध्ये सेंट लुईच्या वस्तीचा मोठा भाग मोकळा केला. तरीही वस्त्या पूर्ण ओसरल्या नाहीत. त्या ओसरल्या दुसऱ्या महायुद्धाच्या तयारीत कारखाने भरभरून चालू लागले तेव्हा. सिॲटलमध्ये बंदराला जागेची गरज भासू लागली, झोपड्या हटवण्यासाठी समिती नेमली गेली, आणि १९४१ च्या वसंतात पोलिसांनी उरलेली खोपटी पेटवली. या खेपेस ती पुन्हा उभी राहिली नाहीत, कारण शहरात काम मिळत होते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांशी यांची तुलना करता येईल का?

काळजीपूर्वक करता येईल. हूव्हरव्हिलमध्ये माणसे काम संपले म्हणून आली. मुंबईत धारावीसारख्या वस्त्यांत माणसे काम मिळते म्हणून आली आणि परवडणारे घर नाही म्हणून तेथेच राहिली. महामंदीची झळ मुंबईलाही बसली होती: गिरण्यांनी वेतन कापले, आणि १९३४ मध्ये त्याविरुद्ध मोठा संप झाला. परंतु गिरणीकामगाराची नाळ कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाशी जुळलेली होती. काम सुटले की तो गावी जाई, आणि भातशेतीच्या एका तुकड्यावर सगळे घर कसेबसे निभे. त्या घरांनी, विशेषतः त्या घरांतील बायकांनी, शहराच्या मंदीचा किती भार वाहिला याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पाडापाडीच्या बाबतीत मात्र साम्य जवळचे आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथांवरची खोपटी हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले; परंतु योग्य प्रक्रिया पाळून झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. तसेच १९७६ मध्ये महाराष्ट्रात झोपड्यांची गणना होऊन रहिवाशांना ओळखपत्रे देण्यात आली आणि दारावरचा क्रमांक हा पुढे पुनर्वसनाचा पुरावा ठरला. सिॲटलमध्ये एका विद्यार्थ्याच्या मोजणीने जे सहज घडले, ते येथे कागदपत्रांच्या दीर्घ लढ्याचा विषय झाले.

ही माहिती आपल्यापर्यंत कशी पोहोचली?

जॅक्सनने स्वतः लिहिलेली हकीकत आणि रॉयचा अभ्यास हे सिॲटलपुरते मुख्य आधार आहेत. देशभराचे चित्र वृत्तपत्रे, नगरपालिकांची दप्तरे आणि केंद्र सरकारच्या शेतीविषयक खात्याने नेमलेल्या छायाचित्रकारांचे काम यांतून मिळते. डोरोथिया लँग यांची स्थलांतरित कुटुंबांची छायाचित्रे त्यांतीलच आहेत. ही छायाचित्रे सरकारी योजनांना लोकांचा पाठिंबा मिळावा या हेतूने काढली गेली होती, त्यामुळे ती पाहताना कोणते क्षण निवडले गेले असतील याचे भान ठेवणे योग्य ठरेल. त्यांत हताश चेहरे पुष्कळ आहेत. समितीची निवडणूक घेणारे, भांडण मिटवणारे आणि दारावर क्रमांक रंगवणारे लोक त्या मानाने कमी आहेत, म्हणून जॅक्सनची हकीकत त्या छायाचित्रांसोबत वाचावी.